गुलछबूच्या हातातली वस्तू

ढमीने तोंड मिटलं की ते उघडायची ताकद घरात कोणाकडेच नव्हती. अडीच वर्षांच्या त्या वाटोळ्या चेहऱ्यावर ओठांची एक सरळ रेघ ओढली जायची. मग बाबा माकड होवोत, आजी गाणं म्हणो, नाहीतर आई रडकुंडीला येवो, दात घासायचा ब्रश त्या रेघेपाशी येऊन थांबायचा. रोज सकाळी बाथरूममध्ये तीन मोठी माणसं शिरायची आणि हरून, अंगावर पेस्टचे ठिपके घेऊन बाहेर पडायची. ढमी मात्र कोरडी ठणठणीत असायची.

"ह्यानेही असंच केलं होतं लहानपणी," ढमीच्या आईच्या सासूबाई आपल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"मग तुम्ही काय केलंत, आई?"

"काही नाही. पडले दात. दुसरे आले."

ढमीच्या आईला एवढा धीर नव्हता. तिला नऊच्या आत घरातून निघून संग्रहालय गाठायचं असे. तिथे ती पाट्या लिहायची. म्हणजे काचेच्या कपाटातल्या वस्तूखाली जी छोटीशी माहिती असते, जी लोक वाचतील अशी आशा असते आणि लोक जिच्यावर कोपर टेकवून फोनवर बोलतात, ती. तिला सगळे 'पाटीवाली' म्हणत. सुरुवातीला ती रागवायची. नंतर तिला ते नाव मनातून आवडायला लागलं होतं, पण हे तिने कोणाला कळू दिलं नव्हतं.

पाटीवालीचं एक तत्त्व होतं. जे डोळ्यांना दिसतं ते पाटीत लिहायचं नाही. घोड्याच्या पुतळ्याखाली 'घोडा' लिहिणं हा तिच्या मते घोड्याचाही अपमान होता आणि बघणाऱ्याचाही. एकदा तिने एका जुन्या खुर्चीवर पाच ओळी लिहिल्या, त्यात 'खुर्ची' हा शब्द एकदाही येऊ दिला नाही, आणि ही गोष्ट ती कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होती.

"पण मग लोकांना कळणार कसं?" नवऱ्याने विचारलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या गोष्टी तो लांबून ओळखायचा.

"अरे, समोर खुर्ची असते ना!"

"हो का. मग पाटी कशाला?"

त्या दिवशी भांडी त्याने घासली.

ढमी झाल्यावर पाटीवालीने रजा घेतली, ती परत आली तेव्हा तिची जागा 'तात्पुरती' झाली होती. तशी तिच्या आयुष्यात हल्ली प्रत्येकच गोष्ट तात्पुरती होती. झोप तात्पुरती, जेवण तात्पुरतं, केसांचा अंबाडा तर अगदीच तात्पुरता; पेन्सिल खोचून केलेला आणि पेन्सिल हवी झाली की सुटणारा. त्यामुळे संचालक जेव्हा म्हणाले, "हे प्रदर्शन नीट पार पाडा, सरकारी खात्याच्या बाई बघायला येतील, त्यांना पटलं की तुम्हाला कायम करू," तेव्हा 'कायम' हा शब्द ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

प्रदर्शन होतं गुलछबूवर. गुलछबू हा एक पाणघोडा. एका जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या सिगारेटच्या जाहिरातीतला. अंगात निळा कोट, डोक्यावर तिरकी टोपी, तोंडभर हसू आणि दोन जाड बोटांच्या मध्ये नाजूक धरलेली सिगारेट. आधी तो डब्याच्या झाकणावर आला, मग काडेपेटीवर. मग रेडिओवर त्याचं खोकल्यासारखं हसू ऐकू येऊ लागलं. साप्ताहिकात त्याची चित्रमालिका निघाली, न्हावी त्याच्या टोपीसारखा तिरका भांग पाडून देऊ लागले, जत्रेत लाकडी गुलछबूच्या चेहऱ्याच्या जागी भोक पाडून लोक आपलं तोंड त्यातून काढून फोटो काढून घेऊ लागले. मुलं त्याच्यावर जीव टाकायची. सिगारेट कोणाची हे मोठ्यांना ठाऊक नसलं तरी गुलछबू कोण हे बालवाडीतल्या पोरांना ठाऊक असायचं. नेमकं हेच त्या प्रदर्शनात सांगायचं होतं: एका गोड प्राण्याच्या बोटाला धरून एक वाईट सवय घरोघर कशी शिरली.

नियमाप्रमाणे मुलांच्या दालनात तंबाखूचा डबा, पाकीट काही ठेवता येत नव्हतं. फक्त चित्रं चालणार होती. म्हणून जुन्या जाहिरातींवरून पाच मोठे फलक छापायचे ठरले, आणि प्रत्येकाखाली पाटीवालीची पाटी. तिने पाचही पाट्या जीव ओतून लिहिल्या. अर्थातच, 'सिगारेट' हा शब्द त्यात एकदाही आला नाही. समोर चित्रात ती ढळढळीत दिसत असताना पुन्हा लिहायची गरजच काय?

तर फलकांचं काम घरी चालू होतं. ढमी झोपली की आई संगणकावर, ढमी उठली की आई ढमीवर. आणि एका सकाळी, ओठांची ती सरळ रेघ समोर असताना, आईचं लक्ष टेबलावरच्या गुलछबूच्या नमुना-छपाईकडे गेलं. तिने ब्रशच्या खोक्यावरचं ब्रशचं चित्र कात्रीने कापलं आणि गुलछबूच्या सिगारेटवर चिकटवलं. सिगारेट झाकली गेली. टोपीच्या वर तरंगणारी धुराची वलयं फेसाचे बुडबुडे म्हणून चालून गेली.

"ढमे, बघ कोण दात घासतंय?"

ढमीने पाणघोड्याकडे पाहिलं. पाणघोड्याचं तोंड उघडंच होतं. ढमीचंही उघडलं.

"घुबू?" ती म्हणाली.

"गुबू! गुबू दात घासतोय. आता तू?"

आणि ब्रश आत गेला. बाहेर दारात उभे असलेले बाबा आणि आजी श्वास रोखून बघत राहिले. सासूबाईंनी तर पाणघोड्याला हात जोडले.

पण ढमीला रोज तोच गुबू नको होता. दुसऱ्या दिवशी "दुशला गुबू!", तिसऱ्या दिवशी "आनिक दुशला!" मग आईने संगणकावरच पाचही फलकांच्या प्रती काढल्या आणि पाचही गुलछबूंच्या हातात सफाईने ब्रश रंगवून दिले. एकाला निळा, एकाला गुलाबी, एकाला तर वाकड्या मानेचा. काम सुंदर झालं. सिगारेट रंगवणाऱ्या जुन्या चित्रकारालाही कळलं नसतं. ह्या प्रती तिने वेगळ्या ठेवल्या. खऱ्या फलकांच्या फायलींची नावं होती 'अंतिम' आणि 'खरंच अंतिम'. घाईत ह्या प्रतींना तिने नाव दिलं, 'आता शेवटचं'.

पुढे काय झालं असेल ते ज्यांच्या खांद्यावर कधी मूल झोपलंय त्यांना सांगायला नको. छापखान्यातून फोन आला की फायली आत्ता पाठवा, नाहीतर यंत्र दुसऱ्या कामाला लावतो. ढमी तापाने कणकणत आईच्या खांद्यावर नुकती कुठे झोपली होती; बसलं तर उठणार, बोललं तर उठणार. आईने उभ्याउभ्या, एका हाताने तिला थोपटत, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने फायली शोधल्या. 'अंतिम', 'खरंच अंतिम', 'आता शेवटचं'. त्यातलं शेवटचं नाव वाचून तिला बरं वाटलं, आणि तिने तेच पाठवून दिलं.

ढमीचा ताप उतरेपर्यंत ती घरीच होती. फलक संग्रहालयाच्या सुताराने लावले, पाट्याही त्यानेच ठोकल्या. पाटीवाली पोचली ती थेट उद्घाटनाच्या संध्याकाळी, अंबाड्यात पेन्सिल तशीच ठेवून, खांद्यावर औषधाचा गुलाबी डाग घेऊन. दालनाच्या दारातच तिला समोर दिसला पुरुषभर उंचीचा गुलछबू, झोकात उभा. हातात निळा ब्रश.

दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सगळ्यांच्या हातात ब्रश.

आणि खाली तिच्या पाट्या. तिने त्या पहिल्यांदाच अनोळखी माणसासारख्या वाचल्या. शाळेच्या अंगणातल्या गुलछबूच्या हातात गुलाबी ब्रश होता आणि खाली लिहिलं होतं: 'मुलं खडूचे तुकडे ओठांत धरून त्याची नक्कल करू लागली. आईबापांना काळजी वाटली. ती रास्त होती.' पुढच्या फलकाखाली: 'डॉक्टर सांगत राहिले, दिवसातून एकदासुद्धा नको. हिरड्या, घसा, फुप्फुसं, सगळ्यांवर परिणाम होतो. कोणी ऐकलं नाही.' आणि शेवटच्या, वाकड्या ब्रशवाल्या गुलछबूखाली: 'एकदा सुरू केलं की सुटत नसे. कित्येक जण सकाळी उठल्या उठल्या, दुसरं काही करायच्या आधी, हेच करत. अखेर मुलांच्या भल्यासाठी याला त्यांच्या नजरेआड करावं लागलं.'

ती गर्दीतून वाट काढत संचालकांकडे धावली. "सर, एक मिनिट, एक घोटाळा..."

"या, या! ह्याच त्या!" संचालकांनी तिला हाताने पुढे ओढलं. शेजारी एक कलासमीक्षक उभे होते. त्यांच्या गळ्यात मफलर होता आणि डोळ्यांत पाणी.

"बाई," समीक्षक म्हणाले, "मी हेलावून गेलो. वस्तूच काढून घेतलीत! वाईट सवयीच्या जागी चांगली सवय ठेवलीत आणि भाषा तीच ठेवलीत. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात काहीही द्या, हसू तेच असतं. हेच म्हणायचंय ना तुम्हाला?"

पाटीवालीने तोंड उघडलं. खरं सांगायची ती वेळ होती. पण तिच्या पाट्यांबद्दल आजवर कोणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. दालनात उभं राहून कोणी तिची पाटी पूर्ण वाचलेलीसुद्धा तिने पाहिली नव्हती. शिवाय 'कायम' हा शब्द कुठेतरी आसपास घोटाळत होता.

"हेच," ती म्हणाली.

"हेच," संचालकही घाईने म्हणाले.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे लिफ्ट चुकीच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि समोरच्यांनी हार घातला."

"चेष्टा नको करूस. कोणाला काही कळलं नाही. दोन-तीन महिने चालेल आणि संपेल."

"पोरं येतात ना गं तिथे? शाळेतली?"

"येऊ दे. पोरं कुठे पाट्या वाचतात?"

पाट्या कोणी वाचत नाही हे जिचं आयुष्यभराचं दुःख, तिने त्या रात्री त्याच आधारावर झोप काढली.

शाळेतल्या मुलांनी पाट्या वाचल्या. नुसत्या वाचल्या नाहीत, बाईंनी प्रकल्प दिला होता म्हणून वहीत उतरवून घेतल्या, एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी पाटीवाली कामावर पोचली तेव्हा दारावरचे काका फोन कानाला लावून उभे होते आणि घामाघूम झाले होते.

"ताई, सकाळपासून हेच. एक बाई म्हणाल्या, आमच्या मुलाने ब्रश खिडकीतून फेकला. म्हणतो, संग्रहालयात लिहिलंय."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"मी विचारलं, कितवा मजला?"

"काका!"

"अहो, खालून कोणी जात असेल तर! मग एक गृहस्थ होते. त्यांची मुलगी त्यांच्यासमोर रडत बसली. म्हणाली, बाबा, तुम्ही रोज सकाळी उठल्या उठल्या करता, मी बघते, तुम्हाला सुटत नाही. गृहस्थ म्हणाले, मला खरंच लाज वाटली, आणि मग लक्षात आलं की मी दात घासत होतो."

दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. पांढरा कोट तसाच अंगावर होता. त्यांनी पाचही फलक बघितले, पाचही पाट्या वाचल्या आणि पाटीवालीला गाठलं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. म्हणजे, लिहिलंय मीच, पण..."

"माझ्या खुर्चीत आज एक मुलगा बसला. तोंड उघडेना. म्हटलं काय झालं बाळा, तर म्हणतो, फुप्फुसांवर परिणाम होतो. ब्रशचा! फुप्फुसांवर! अहो, इतकी वर्षं पोरांच्या मागे लागून लागून मी त्यांना सवय लावली, आणि तुम्ही एका पाणघोड्याकरवी..." त्यांनी पाटीवालीकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला मूलबाळ आहे का?"

"आहे. ती छान घासते दात," पाटीवाली म्हणाली, आणि हे खरं होतं हेच सगळ्यात वाईट होतं.

आता काहीतरी करायला हवं होतं. खरं कबूल करणं हा एक उपाय होता, पण तो तिला इतका सरळ वाटला की तिने दुसरा शोधला. मनावर दगड ठेवून तिने आपलं तत्त्व मोडलं. कागदाच्या पट्ट्यांवर 'सिगारेट' असं ठळक छापून तिने पाचही पाट्यांमध्ये जिथे जिथे जमेल तिथे तो शब्द चिकटवला. झालं! आता कोणाचा गैरसमज व्हायचं कारण नव्हतं. संध्याकाळी ती ढमीला मांडीवर घेऊन बसली तेव्हा तिला हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरी शाळा येऊन गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी दारावरच्या काकांनी तिला खुणेने बाजूला बोलावलं. त्यांच्याजवळ कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक उभा होता, आणि त्याच्याजवळ एका छोट्या मुलीचे वडील.

"मॅडम," दुकानदार म्हणाला, "ह्यांची पोरगी काल दुकानात आली. म्हणाली, काका, एक सिगारेट द्या. मऊ केसांची."

"गुलाबी असेल तर गुलाबी," वडिलांनी खालच्या आवाजात भर घातली.

"मी म्हटलं, कोणासाठी गं? तर म्हणते, बाबांसाठी पण एक द्या, त्यांची जुनी झालीय, केस वाकडे झालेत."

"दुकानात गर्दी होती," वडील म्हणाले. "माझ्या साहेबांची बायको होती."

पाटीवाली तशीच वळली आणि संचालकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. ह्या वेळी तिने दम घेतला नाही, नाहीतर परत धीर सुटला असता.

"सर, ते ब्रश चुकून छापले गेलेत. मी चुकीच्या फायली पाठवल्या. ते माझ्या मुलीसाठी केलेले होते, ती दात घासत नव्हती म्हणून. त्यात विचारबिचार काही नव्हता. समीक्षक बोलले आणि मी हो म्हटलं. मला कायम करू नका, हवं तर काढून टाका, पण ते फलक आजच्या आज उतरवू या."

संचालक बराच वेळ टेबलावरची टाचणी फिरवत राहिले.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"अहो, मी ह्या गुलछबूची चित्रं जमवायचो लहानपणी. त्याच्या हातात काय होतं मला माहीत नसेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'हेच' म्हणालात."

"तुम्हीही म्हणालात!"

"तुम्ही आधी म्हणालात," संचालक म्हणाले. "मला वाटलं, काहीतरी मोठं असणार, मलाच कळत नाहीये. ह्या वयात न कळणं बरं दिसत नाही."

सुताराला बोलावलं. फलक लावताना त्यालाही विचित्र वाटलं होतं, पण साहेबांनी सांगितलं असेल असं धरून त्याने खिळे मारले होते. दारावरच्या काकांना वाटलं होतं, आजकाल असंच असतं. छापखानेवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, बदलताय कशाला? ब्रशवालाच चांगला आहे. एक प्रत मी घरी बाथरूममध्ये लावलीय." थोडक्यात, सगळ्यांना कळलं होतं, फक्त प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला जास्त कळलंय.

'खरंच अंतिम' फायली गेल्या. नवे फलक छापून आले आणि लागले, ते नेमके खात्याच्या बाई येणार होत्या त्याच सकाळी. आणि त्याच सकाळी सासूबाईंची डोळ्यांच्या डॉक्टरांकडची वेळ ठरलेली होती. नवऱ्याचा फोन लागत नव्हता, म्हणजे तो कुठल्यातरी दोन मजल्यांच्या मध्ये होता. तेव्हा ढमी आईच्या कडेवर बसून संग्रहालयात आली.

"काका, फक्त अर्धा तास हिला सांभाळाल? बाहेरच बसवा. आत नका सोडू, काही झालं तरी."

"ताई, निर्धास्त जा," काका म्हणाले. ते दारावर होते, दार सांभाळायची त्यांना सवय होती. पण ते ज्यांना अडवत आले ती माणसं त्यांच्या कमरेपेक्षा उंच असायची.

आत खात्याच्या बाई पहिल्या फलकासमोर उभ्या होत्या. चष्मा नाकावर आणि कपाळावर आठी. संचालक त्यांना समजावत होते की लहान मुलं अशा चित्रांना कशी भुलतात, आणि आपलं प्रदर्शन त्यांना कसं सावध करतं. पाटीवाली मागे हात बांधून उभी होती.

"म्हणजे हे बघून मुलांना त्याची ओढ वाटणार नाही, ह्याची खात्री आहे तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"शंभर टक्के," संचालक म्हणाले.

"गुबूऽऽऽ!"

पायातल्या बुटांचा फटफट आवाज करत ढमी दालनाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली आणि शेवटच्या फलकावरच्या पाणघोड्याच्या पायांना दोन्ही हातांनी मिठी मारून तिने त्याच्या गुडघ्याचा पापा घेतला.

संचालकांनी डोळे मिटले. पाटीवालीलाही मिटायचे होते, पण आईपणाची नोकरी मध्ये आली. ती पुढे झाली. "ही माझी मुलगी. सॉरी. ती ह्याला ओळखते. म्हणजे, घरी..." ह्याहून वाईट काही बोलता येणं शक्य नव्हतं, म्हणून ती गप्प बसली.

"तंबाखूच्या जाहिरातीतल्या पाणघोड्याला तुमची मुलगी ओळखते," खात्याच्या बाई सावकाश म्हणाल्या.

तोवर ढमीने मान वर केली होती. तिचं मिठीतलं हसू हळूहळू विरघळलं. ती दोन पावलं मागे सरली, आणि तिने पुन्हा पाहिलं.

"आई, गुबूच्या ब्लशचे केश कुठे गेले?"

संचालकांनी डोळे उघडले.

"गेले," आई म्हणाली. दुसरं काय सांगणार?

"लाल झालंय," ढमी म्हणाली. सिगारेटचं पेटतं टोक तिने बोटाने दाखवलं, पण हात लावला नाही. स्वयंपाकघरात गॅसपाशी ती जशी थांबायची, तशी बोट मागे घेऊन थांबली. "धूल येतोय. आई, गलम आहे ते. गुबूने हातात धललंय!"

खात्याच्या बाई खाली वाकल्या. "मग आता काय करायचं गं त्याने?"

ढमीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कंबरेवर हात ठेवून, आई तिच्याशी बोलते अगदी त्याच आवाजात ती पाणघोड्याला म्हणाली, "गुबू! टाक खाली. भाजेल!"

पाणघोडा हसतच राहिला. ढमीचा खालचा ओठ बाहेर आला. ती टाचा उंचावून, मान ताणून, जिथवर पोचता येईल तिथवर पोचली आणि त्याच्या बोटांच्या दिशेने जोरजोरात फुंकर घालू लागली. थुंकी उडत होती. गाल फुगत होते आणि डोळ्यांत पाणी जमा झालं होतं. आईने तिला उचललं तेव्हाही ती खांद्यावरून मागे वळून फुंकरच घालत होती.

खात्याच्या बाईंनी चष्मा पुसला. मग शेवटची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली.

"लांब आहे," त्या म्हणाल्या.

आजवर आपल्या पाटीतला स्वल्पविरामही पाटीवालीने कोणाला हलवू दिला नव्हता. एकदा संचालकांनी एक 'आणि' वाढवला होता, तेव्हा ती दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "लांब आहे."

"काढा ती. ही आत्ता जे बोलली तेवढंच लिहा."

तसं केलं. नवी पाटी सुताराने दुपारीच ठोकली. तिच्यावर एवढंच होतं: 'टाक खाली. भाजेल.' त्यात सिगारेट हा शब्द नव्हता, आणि कोणाला तो लागलाही नाही. शाळा येत राहिल्या. मुलं त्या फलकासमोर थांबायची, काही जण फुंकर घालायची. दातांच्या डॉक्टरीणबाई जुने पाच फलक टेम्पोत घालून घेऊन गेल्या. संचालक मागच्या दाराने दुपारी थोडा वेळ बाहेर जायचे, ते हल्ली लवकर परत येऊ लागले आणि खडीसाखर चघळू लागले.

महिन्याअखेरीस खात्याचा अभिप्राय आला. पाटीवालीला कायम केलं होतं. कारण दिलं होतं, शेवटच्या पाटीतला संयम वाखाणण्याजोगा आहे.

"कोणाचा संयम?" नवऱ्याने विचारलं.

"गप बस."

"नाही, मी एवढंच विचारतोय की नक्की कोणाला कायम केलंय. कारण एकीला अजून नाक पुसता येत नाही."

त्यानंतर एकदा पाटीवाली दालनातून जात असताना एक आजोबा शेवटच्या फलकासमोर उभे दिसले. पाटी वाचून झाली होती, तरी ते उभे होते. तिला पाहून त्यांनी विचारलं, "हे फार छान लिहिलंय. कोणी लिहिलं हो?"

घरी त्या वेळी ढमी उठली असणार. उठून, आजीच्या मांडीवर, केस विस्कटलेले आणि गालावर उशीचा वळ. परवापर्यंत ती 'धूल' म्हणत होती. काल सकाळी अचानक नीट 'धूर' म्हणाली होती, आणि आई उगाचच बाथरूमच्या दारात थबकली होती.

"आमच्याकडे एक बाई आहेत," पाटीवाली म्हणाली. "तात्पुरत्या."